मोंबासाच्या पुडीतली बाळी

१

फोटो आला तेव्हा झरीनचे दोन्ही हात मिरचीने माखलेले होते.

"भाविका, बघ गो कुणाचं आलंय ते," ती म्हणाली.

भाविकाने मोबाईल उचलून पाहिला. मग तिने फोन झरीनच्या तोंडासमोर धरला.

फोटोत स्टीलची ताटली होती. ताटलीत मच्छीमसाला ओतलेला, आणि बाजूला फोडलेली पुडी, त्यांचीच, 'दर्याकाठ'ची. मसाल्याच्या ढिगावर पांढऱ्या मलमलीची एक चिंधी सोडवून पसरलेली होती आणि तिच्यावर सोन्याची बाळी. कानातली, एकच, जुन्या घडणीची. खाली तीन बारीक मोती.

फोटोखाली मोंबासाच्या कुणा म्वानाइशाबाईंनी चार शब्द लिहिले होते. झरीनचा मामेभाऊ तहा तिकडेच असतो. त्याने त्यांचा अर्थ लावून पाठवला होता : 'मी मसाला मागवला होता, सोनं नाही. हे कुणाचं आहे?'

त्याखाली त्याचं स्वतःचं होतं : 'झरीनआपा, साइटवाल्यांनी आपलं दुकान बंद केलंय. पुडीत दुसरी वस्तू निघाली, तीही सोनं. आठवड्यात खुलासा द्या, नाहीतर कायमचं बंद, असं म्हणतात.'

रत्नागिरीत राजीवाड्याला होडेकरांच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे या दोघींनी तीन वर्षांपूर्वी मसाला कांडायला घेतला. इथे कुणी तो विकत घेईना, कारण इथे प्रत्येकीचा स्वतःचा मसाला असतो. तेव्हा तहा म्हणाला होता, "आपा, इकडे पाठव. इकडे आता भाजीपासून पलंगापर्यंत सगळं लोक मोबाईलवर मागवतात. आणि नारळाच्या रसातली मच्छी घरोघर शिजते." झरीनला खरं वाटलं नव्हतं. पण पहिल्याच महिन्यात मागण्या आल्या. आधी तिथल्या कोकणी घरांतून, मग तिथल्याच मूळच्या बायांकडून. त्या पहिल्या वर्षी संध्याकाळी सगळं घर ओटीवर बसून पुड्यांवर गिऱ्हाइकांची नावं चिकटवी. झरीनच्या नवऱ्याची फुफी, म्हणजे आत्या, सुरय्या, तीसुद्धा चष्मा नाकावर घेऊन बसे. आता तसं होत नव्हतं. आता महिन्याला खोकेच्या खोके मुंबईला जात आणि तिथून जहाजावर चढत.

आणि आता एका बाळीने दुकानाला कुलूप लावलं होतं.

झरीनचे सासरे नझीर होडेकर नमाजाहून परतले ते शेडच्या दारात थांबले. सत्तरी ओलांडलेला माणूस, अर्धं आयुष्य लाँचवर तांडेलकी, म्हणजे कप्तानी, केलेली. मोबाईलवरची खरेदी म्हणजे त्यांच्या लेखी आळशांचा बाजार. एरवी ते शेडमध्ये डोकावतही नसत. पण दोघींचे चेहरे बघून त्यांनी फोन मागितला, डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ तसाच धरून राहिले.

"ही अम्मांची बाळी," ते म्हणाले. "सुरय्याच्या पेटीत असते."

तिघे घरात गेले. सुरय्याफुफी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खेडला नझीरमियांच्या मुलीकडे गेली होती. तिची पेटी खाटेखाली होती. झरीनने कपडे बाजूला केले. तळाशी मखमलीची डबी होती.

डबी रिकामी होती.

२

"सुरय्याला यातलं अक्षर कळता कामा नये," नझीरमियांनी बजावलं. "डोळ्याला पट्टी आहे तिच्या. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलंय."

मग त्यांनी जे बोलू नये ते बोलून टाकलं. फुफीच्या खोलीत घरच्यांखेरीज एकटी सगुणा जात असे. सगुणा शेडमध्ये पुड्या भरून सील करायची आणि दुपारच्या सुट्टीत फुफीचे केस विंचरून द्यायची. बाळी खोलीतून गेली आणि पुडीत निघाली. दोन्हीकडे हात असलेली बाई एकच.

"अब्बा, सगुणा तशी नाही," झरीन म्हणाली.

"मग तू सांग कोण ते."

दुसऱ्या दिवशी सगुणा कामाला आली आणि नझीरमियांचा चेहरा बघून उंबऱ्यावरूनच परत गेली.

भाविका त्याच दुपारी भाट्याहून आपल्या मावशीला घेऊन आली. निशिगंधा मयेकर मुंबई बंदरात विमा कंपन्यांसाठी मालाची पाहणी करत असे. भिजून आलेला, फुटून आलेला, आलाच नाही असा माल. तो नेमका कुठे बिघडला हे शोधायचं, एवढंच तिचं काम. निवृत्त होऊन ती गावी आली होती. बांध्याने बारीक, बोलायला हळू. आल्या आल्या तिने चहा मागितला आणि 'दर्याकाठ'ची एक नवी पुडी.

तिने पुडी फोटोशेजारी धरली. "पुडीवर हा पापलेट छापलाय. त्याच्या पाठीवर मोकळी जागा किती आहे बघ गो झरीन."

"दोन बोटं. मग सीलची पट्टी."

"आणि फोटोतल्या पुडीवर?"

झरीनने फोटो मोठा केला. म्वानाइशाबाईंनी पुडी बाजूने फाडली होती, त्यामुळे वरची पट्टी शाबूत होती. ती पापलेटच्या पाठीवरच चढली होती आणि शेपटीकडे तिरकी उतरली होती.

"सगुणा पट्टी अशी वाकडी मारते?"

"कधीच नाही."

"बरं," निशिगंधा म्हणाली आणि चहा संपवून उठली. "तिच्याकडे जाऊ."

सगुणाचं घर मिरकरवाड्याच्या चढावर. ती पायरीवर बोंबील निवडत बसली होती. या दोघींना बघून तिने पदर सावरला, पण 'या' म्हणाली नाही. झरीनला तिच्याकडे बघवेना.

"सगुणाताई, बाळी तू घेतलीस?" निशिगंधाने सरळ विचारलं.

"नाय."

"पुडीत घातलीस?"

"नाय."

"सील करायचं यंत्र तुझ्याशिवाय कुणाला चालवता येतं?"

"झरीनला. भाविकाला."

"आणखी?"

सगुणाचा हात बोंबलावर थांबला. खाली बंदरात एका लाँचचं इंजिन धडधडायला लागलं आणि थांबलं. मग ती म्हणाली, "बाई, माझं नाव गेलं तर जाऊ दे. फुडचं मला विचारू नका."

आणि टोपली उचलून ती आत गेली. दार तिने आपटलं नाही, सावकाश लावून घेतलं.

चढ उतरताना झरीनच्या मनात एकच घोळत राहिलं. निर्दोष माणूस असं बोलेल का?

३

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी तहाला व्हिडिओवर घेतलं. तो गोदामात उभा होता. मागे फळ्यांवर पुड्या रचलेल्या. चेहरा ओढलेला. निशिगंधाला बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही मला विचारणार ते मला ठाऊक आहे. माल माझ्या हातात येतो. इथलेही सगळे माझ्याकडेच बघतायत."

"विचारते तर," निशिगंधा म्हणाली. "पण चोरीचं नाही. इथून खोका निघाला की काय काय होतं, ते मला पहिल्यापासून सांग."

तहाने सांगितलं. खोके बंदरातून सुटून येतात. तो फोडून पुड्या फळीवर रचतो. कुणी मोबाईलवर मागणी केली की त्याच्या फोनवर घंटी वाजते. तो हाताला येईल ती पुडी घेतो, नावाची चिठ्ठी छापून चिकटवतो आणि मोटरसायकलवाल्या पोऱ्याकडे देतो. तासाभरात घरपोच.

"म्हणजे कुठली पुडी कुणाला जाणार हे आधी कुणालाच माहीत नसतं?"

"मलाही नाही."

निशिगंधाने मान डोलावली. "मग आता विचार कर. कुणी इथे सोनं चोरलं आणि तुझ्या संगनमताने तिकडे पाठवलं, तर ती पुडी तू बाजूला काढली असतीस. म्वानाइशाबाईंच्या घरी जाऊ दिली नसतीस."

तहाने श्वास सोडला. "हे मी साइटवाल्यांना सांगितलं. ते म्हणतात, मग कुणी घातली ते सांगा."

"आणि तुझा साथीदार नसलेला चोर तर ती पुडीत घालणारच नाही. एकदा खोका गेला की सोनं हातचं गेलं. समुद्रात टाकल्यासारखंच."

"मग कुणी टाकलं?" झरीनने विचारलं.

"कुणी टाकलं नाही गो. ती चिंधी बघ. मसाला आत जाऊ नये म्हणून चांगली गाठ मारून बांधली होती, म्हणून तर मोती अजून पांढरे आहेत. सोनं लपवणारा माणूस इतकं जपत नाही. हे कुणीतरी कुणालातरी दिलंय." मग तिने तहाकडे बघितलं. "सुरुवातीपासून असंच चालतं का? फळीवरून, हाताला येईल ती?"

"नाही. पहिल्या वर्षी झरीनआपा तिकडूनच प्रत्येक पुडीवर नाव घालून पाठवायची. मग मागण्या इतक्या वाढल्या की ते जमेना. तेव्हापासून हे गोदाम."

"आणि हा बदल घरात सगळ्यांना ठाऊक आहे?"

झरीन उत्तर द्यायला गेली आणि थांबली. कुणाला सांगितलं होतं? भाविकाला, सगुणाला, फोनवर नवऱ्याला. ओटीवर नावं चिकटवणं बंद झालं तेव्हा घरच्यांना वाटलं असेल, आता शेडमध्ये चिकटवतात.

तिने ते तसंच सांगितलं. निशिगंधाने फोन ठेवला आणि म्हणाली, "आता तुझ्या सासऱ्यांशी बोलायला हवं. त्यांनी आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितलीय."

४

नझीरमिया ओटीवर आरामखुर्चीत होते. त्यांच्या डोक्यावर, दाराच्या चौकटीला, नावाची जुनी पितळी पाटी : नझीर इब्राहिम होडेकर.

"होडेकरसाहेब," निशिगंधा समोरच्या बाकावर बसली. "चोर दागिना नेतो तेव्हा जोडी नेतो. ही एकच कशी? दुसरी कुठे आहे?"

"दुसरी नाही."

"मोडली? हरवली?"

"या घरात एकच होती. वर्षानुवर्षं एकच."

"बाळी एकच कुणी करत नाही. आणि एका बाळीचा उपयोग तरी काय? कानात घालता येत नाही. ज्याच्याकडे दुसरी असेल त्यालाच तिचा उपयोग."

नझीरमियांनी खुर्चीचे हात धरले. झरीनने त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण हा राग वेगळा होता. तो बाहेर येत नव्हता. आत कुठेतरी काहीतरी धरून ठेवत होता.

"बाई, तुम्ही दुकानाचं बघायला आलात. दुकानाचं बघा," ते म्हणाले आणि काठी घेऊन आत गेले.

झरीनला लाज वाटली. "मावशी, ते मनाने वाईट नाहीत."

"मला कळतंय ते. तुमच्या घरातलं मोंबासाला कुणी आहे?"

"तहा. पण तो माझ्या माहेरचा. यांच्याकडचं कुणी नाही."

"कुणी नाही, की कुणाचं नाव निघत नाही?"

झरीन विचारात पडली. लग्न होऊन तिला दहा वर्षं झाली होती. या घरात अम्मांचे फोटो होते, आजोबांच्या गलबताचं चित्र होतं. फुफी बोलता बोलता कधी कधी "आम्ही तिघं लहान असताना" म्हणायची आणि मग विषय बदलायची. तिसरं कोण, हे झरीनने कधी विचारलं नव्हतं. लहानपणी गेलेलं भावंड असेल असं ती धरून चालली होती.

भाविका शेडमधून हात पुसत आली. "मावशी, तू दुपारपासून विचारतेयस ना, त्या खोक्याच्या वेळी काय काय झालं ते. मला एक आठवलं. क्षुल्लक आहे."

"सांग."

"खोका भरत होतो त्या दिवशी झरीन जेवताना नव्या गिऱ्हाइकांची नावं मोठ्याने वाचत होती. आम्ही हसत होतो, कसली कसली नावं म्हणून. फुफी जेवत होती. तिने एक नाव परत वाचायला लावलं. मग दुपारी शेडमध्ये येऊन मला विचारलं, 'त्या बाईंचा मसाला कुठल्या खोक्यात जाईल गो?' मी घाईत होते. समोरचा खोका दाखवला आणि म्हटलं, 'हा उद्या जातोय, यातच असेल.'"

"कुठलं नाव?"

भाविकाला आठवेना. पण झरीनला आठवलं आणि तिची नजर आपोआप चौकटीवरच्या पितळी पाटीकडे गेली.

"हलीमा," ती म्हणाली. "हलीमा इब्राहिम."

निशिगंधाही पाटीकडे बघत होती. ती म्हणाली, "सगुणाकडे जा आणि तिला सांग, तुझ्यावर कुणाचा संशय उरलेला नाही. आणि सकाळची खेडची गाडी किती वाजता आहे ते बघ."

"पण फुफीला सांगायचं नाही असं अब्बांनी..."

"तिथेच तर सगळं अडलंय गो. तिला कुणी विचारलंच नाही."

५

एसटी निवळी सोडून घाटाला लागली तेव्हा निशिगंधाने सगळं झरीनला उलगडून सांगितलं.

"पहिली गोष्ट, पट्टी. सगुणाला बाळी घालायची असती तर तिने पुडी भरतानाच घातली असती आणि पट्टी नेहमीसारखी सरळ मारली असती. ही पुडी एकदा सील झाली होती. मग कुणीतरी वरून कापली, बाळी घातली आणि पुन्हा सील केली. म्हणून ती आखूड झाली आणि पट्टी माशाच्या पाठीवर आली. वाकडी का? हात नवा होता, किंवा नीट दिसत नव्हतं. फुफीच्या बाबतीत दोन्ही खरं आहे.

"दुसरी, यंत्र. ते तिला कुणीतरी शिकवलं असणार. सगुणा कुठे थांबली आठव. 'आणखी कुणाला येतं' म्हटल्यावर. तिला बाळीचं ठाऊक नव्हतं, पण फोटोची बातमी कळली तेव्हा तिला उमगलं. फुफीने तिच्याकडून शब्द घेतला असेल. तो मोडण्यापेक्षा तिने चोरीचा आळ घेतला.

"तिसरी, बाळी एकटी होती आणि जपून बांधलेली होती. म्हणजे ती भेट, आणि दुसरी जिच्याकडे आहे तिलाच. चौथी, नाव. फक्त एक गोष्ट फुफीला माहीत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर तुमचं पहिल्या वर्षीचं दुकान होतं. प्रत्येक पुडीवर नाव, आणि त्या नावाच्या घरी ती पुडी. तुमचा धंदा वाढला आणि मधे गोदाम आलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने पुडी पाठवली बहिणीला. ती फळीवर गेली आणि कुणा म्वानाइशाबाईंच्या नशिबी आली."

"बहीण," झरीन म्हणाली. खिडकीतून वारा येत होता. दहा वर्षं त्या घरात राहून तिला एक माणूस ठाऊक नव्हतं.

खेडला नणंदेचं घर जगबुडी नदीच्या बाजूला. सुरय्याफुफी मागच्या पडवीत, डोळ्यांवर हिरवी झापड लावून बसली होती. पावलांवरून तिने झरीनला ओळखलं. हात पुढे केला आणि सोबत कोण आहे हेही न विचारता हळूच म्हणाली, "पोचली?"

झरीन फुफीच्या पायाशी बसली.

"नाही पोचली, फुफी. दुसऱ्या घरी गेली. पण सुखरूप आहे."

मग फुफीने सांगितलं, थांबत थांबत, डोळ्यांना पाणी येऊ न देता. हलीमा तिघांत थोरली. अठराव्या वर्षी लग्न होऊन मोंबासाला निघाली. भगवती बंदरावर मुंबईच्या बोटीत चढायच्या वेळी अम्मांनी स्वतःच्या कानातली एक बाळी काढून तिच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, दुसरी न्यायला ये. ती दोनदा येणार होती आणि दोन्ही वेळा राहिलं. मग अम्मा गेल्या. नझीरने तार केली. तिकडून ना जबाब आला, ना दुःखाचा एक शब्द. चाळिसावा झाला त्या दिवशी नझीर म्हणाला, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही.

"त्याच्या घरात राहते मी. त्याचं अन्न खाते. नाव नाही घेतलं," फुफी म्हणाली. "पण त्या दिवशी झरीन जेवताना ते नाव वाचलंन. मला वाटलं, आता ती चौऱ्याहत्तरची झाली असेल. ती काही यायची नाही न्यायला. मग बाळीनेच जावं. डोळ्यांचं ऑपरेशन होतं, बरं-वाईट झालं असतं तर पेटीत कुणाला कळलं असतं ती कुणाची ते? सगुणाला म्हटलं, त्या खोक्यातली त्या बाईंची पुडी हातात दे, मला यंत्र दाखव आणि तू तोंड फिरव. बिचारीने फिरवलंन."

"सगुणावर आळ आला, फुफी."

ते ऐकताच ती ताठ बसली. "कुणी घेतला? आणि मला कुणी कळवलं का नाही?"

"तुम्ही रडाल म्हणून."

"अगो, रडले असते तर एक डोळा गेला असता. तिचा तर जलम गेला असता," फुफी म्हणाली आणि उठून चपला शोधायला लागली.

६

फुफी संध्याकाळच्या गाडीने परत आली, कुणाचं न ऐकता. ओटीवर नझीरमियांसमोर उभी राहून तिने आपल्या तोंडाने सगळं सांगितलं आणि हलीमाचं नावही तीनदा घेतलं. ते काठी घेऊन निघाले. झरीनला वाटलं, रागाने गेले. पण ते मिरकरवाड्याचा चढ चढून सगुणाच्या पायरीपर्यंत गेले होते. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. सगुणा दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आली आणि झरीनने विचारलं तर एवढंच म्हणाली, "म्हातारा माणूस. चढून दमले होते. पाणी दिलं."

खुलासा निशिगंधाने लिहून दिला, जसं झालं तसा. म्वानाइशाबाईंनी तो वाचला, तक्रार मागे घेतली आणि बाळी हलीमाच्या हाती द्यायला तहाबरोबर स्वतः गेल्या. त्यांना म्हणे ती बाई बघायचीच होती. दुकान उघडलं.

तहाने रात्री फोन केला. "आपा, हलीमाआजी बराच वेळ दोन्ही बाळ्या तळहातावर घेऊन बसली होती. मग म्हणाली, अम्मा गेल्या ते मला कुणी कळवलंच नाही. एका खलाशाकडून कळलं, सहा महिन्यांनी. तोवर तीही रुसली होती. मी विचारलं तेव्हा कळलं, तारेच्या आधीच त्यांनी घर बदललं होतं. तार जुन्या पत्त्यावर गेली असणार."

फोन स्पीकरवर होता. नझीरमिया आतल्या खोलीत जागे होते.

दोन दिवस ते घरात नुसते वावरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या दारात आले. "झरीन, तुझ्या त्या बाजारातनं आपण इथे बसून तिथे कुणाच्या घरी काही पाठवू शकतो का?"

"हो, अब्बा. पैसे तहाला सांगून भरता येतील."

ते मसाल्याच्या पिंपावर टेकले. झरीन त्यांच्या शेजारी बसून फोनचा पडदा सरकवू लागली. साड्या आल्या, छत्र्या, घड्याळं, चहाच्या किटल्या. प्रत्येक वस्तूला ते मान हलवत होते. बहिणीला कुठला रंग आवडतो त्यांना माहीत नव्हतं. ती जाड की बारीक तेही माहीत नव्हतं.

"खजूर आहे?"

"पुष्कळ प्रकारचे."

ते जरा थांबले. "तिला दात असतील का गो?"

झरीनला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. "मऊ असतात तेच मागवू या."

"हां. मऊ."

"पाठवणाऱ्याचं नाव काय घालू?"

"नझीर घाल. नुसतं."

मागणी गेली. थोड्या वेळाने पडद्यावर नकाशा उमटला आणि त्यावर इवलीशी मोटरसायकल. झरीनने समजावलं, हा पोऱ्या, हे दुकान, आणि हे हलीमाफुफीचं घर. तिला वाटलं होतं, ते एक नजर टाकतील आणि उठतील. पण त्यांनी फोन दोन्ही हातांत घेतला. मोटरसायकल एका वळणावर अडली तशी ते पुटपुटले, "डावीकडे घे रे." ती समुद्राकाठच्या रस्त्याला लागली. गल्ल्या बारीक झाल्या. सुरय्याफुफी येऊन मागे उभी राहिली. भाविका आणि सगुणा हातातलं काम सोडून आल्या. 

मोटरसायकल घराच्या ठिपक्यापाशी पोचली आणि थांबली. नकाशा नाहीसा झाला. वस्तू पोचली असं पडद्यावर आलं.

"झालं?" नझीरमियांनी विचारलं.

"झालं, अब्बा."

ते तरी फोन देईनात. आणि मग तो त्यांच्या हातातच वाजायला लागला. मोंबासाचा नंबर, व्हिडिओ. त्यांनी झरीनकडे बघितलं. तिने बोट लावून दाखवलं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि तिथेच दाबलं.

एक सुरकुतलेला चेहरा पडद्यावर आला, खूप जवळ, अर्धाच. दोन्ही कानांत बाळ्या होत्या.

थोरल्या बहिणीला त्यांच्या घरात बुबू म्हणतात. नझीरमियांनी घसा खाकरला.

"बुबू," ते म्हणाले, "जेवलीस?"